टिनटिनची चांद्रसफर : हसणारे आणि हसवले जाणारे

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या साहित्याविषयी पुष्कळ चर्चा झाली. अस्मितेचा प्रश्न झाला, बोलीचा झाला, स्त्रीच्या हक्कांचा झाला. या साऱ्या चर्चेत लहान मूल मात्र क्वचितच दिसते. दिसलेच तर ते दंगलीत हरवलेले असते, नाहीतर तलाक मिळालेल्या आईचे बोट धरून आजोळी परतत असते. ते मूल काय वाचते, कशाला हसते, हा प्रश्न समीक्षेचा आहे असे आपण मानलेले नाही. आमच्या मते तो समीक्षेचाच प्रश्न आहे. माणूस पहिल्यांदा कोणाबरोबर हसला आणि कोणाला हसला, यावर त्याची पुढची बरीच समज उभी राहते. म्हणून या खेपेस आम्ही एका विनोदी चित्रपुस्तकाविषयी लिहीत आहोत. टिनटिनच्या चंद्रावरील स्वारीविषयी.

बेल्जियमचे चित्रकार जॉर्ज रेमी (1907-1983) 'एर्जे' या टोपणनावाने टिनटिन या तरुण वार्ताहराच्या चित्रकथा काढत. चंद्राची कथा 'टिनटिन' याच नावाच्या साप्ताहिकात मार्च 1950 मध्ये सुरू झाली. मध्यंतरी एर्जे यांची प्रकृती ढासळली आणि कथा सुमारे दीड वर्ष बंद राहिली. 1953 च्या अखेरीस ती पुरी झाली. 1953 आणि 1954 साली तिची दोन पुस्तके निघाली, आणि 1959 साली ती 'डेस्टिनेशन मून' व 'एक्सप्लोरर्स ऑन द मून' या नावांनी इंग्रजीत आली. आपल्याकडची मुले तिला ओळखतात ती बहुधा या इंग्रजी नावांनीच.

कथा साधी आहे. विसराळू आणि कानाने अधू प्रोफेसर कॅल्क्युलस सिल्डाविया या काल्पनिक देशात अणुशक्तीवर चालणारे यान बांधतात. टिनटिन, त्याचा कुत्रा स्नोई, शीघ्रकोपी कॅप्टन हॅडॉक आणि प्रोफेसरांचा मदतनीस वोल्फ त्यांच्याबरोबर निघतात. थॉमसन आणि थॉम्पसन हे दोन मठ्ठ गुप्तहेर चुकून यानात अडकतात, आणि एक शत्रू आधीच दडून बसलेला असतो. नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले ते जुलै 1969 मध्ये. त्याच्या पंधरा वर्षे आधी एर्जे यांनी हे सारे रंगवून ठेवले होते, आणि तेही अभ्यास करून. अंतराळ प्रवासावर लिहिणाऱ्या अलेक्झांडर अनानॉफ यांचा ग्रंथ त्यांनी बारकाईने वाचला. यानाचा घाट दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-टू अग्निबाणावरून घेतला. त्यांच्या चंद्रावर हवा नाही, म्हणून आकाश काळे आहे आणि सावल्या सुरीने कापल्यासारख्या आहेत. माणसे तिथे बेडकासारख्या उड्या मारतात. एका गुहेत टिनटिनला बर्फही सापडतो. चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचे आपल्या चांद्रयान-1 च्या निरीक्षणांतून जाहीर झाले ते 2009 साली. एर्जे यांनी ते भाकीत केले होते असे म्हणण्याचे कारण नाही, पण अभ्यास करून मारलेला बाण कधी कधी बरोबर लागतो.

विज्ञान नेमके असूनही पुस्तक वाचले जाते ते त्यातल्या विनोदासाठी. हा विनोद वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा नाही. कथानकच त्यावर चालते. उदाहरण पाहा. यान सुटण्याची वेळ पहाटेची, एक वाजून चौतीस मिनिटांची. थॉमसन-थॉम्पसन समजतात दुपारची. शेवटची पाहणी म्हणून ते रात्री यानात शिरतात आणि यान उडते. वाचक खो खो हसतो. पण यानात प्राणवायू भरला आहे तो चार माणसांच्या आणि एका कुत्र्याच्या हिशेबाने. आता माणसे सहा झाली, आणि लपलेला शत्रू धरून सात. दुसऱ्या भागात याच हिशेबापायी सगळ्यांच्या जिवावर बेतते. ज्या चुकीला आपण हसलो तीच चूक प्राणावर उठते. मुलांना इतक्या सहज हे शिकवणारी पुस्तके आमच्या पाहण्यात फार नाहीत.

कॅप्टन हॅडॉक हा या विनोदाचा प्राण. तो दारुडा आहे. आपल्या काही घरांत एवढ्याच कारणावरून ही पुस्तके मुलांच्या हातून काढून घेतली जातात. आईबापांची शंका आम्ही उडवून लावत नाही. परंतु पुस्तक काय करते ते पाहायला हवे. कॅप्टन जाडजूड ग्रंथ आत पोखरून त्यांत बाटल्या लपवतो. खगोलशास्त्राच्या ग्रंथातून खगोलशास्त्राऐवजी व्हिस्की निघते. ऐन वेळी यानातले गुरुत्व नाहीसे होते, व्हिस्कीचा गोळा होऊन हवेत तरंगू लागतो आणि कॅप्टन त्याच्यामागे धावतो. पुढे तो झिंगून, अंतराळपोशाख चढवून यानाबाहेर पडतो आणि ॲडोनिस नावाच्या लघुग्रहाभोवती उपग्रह होऊन फिरू लागतो. हा लघुग्रह खरा आहे. तो 1936 साली बेल्जियममधल्याच एका वेधशाळेतून सापडला. टिनटिन जीव धोक्यात घालून कॅप्टनला परत आणतो. दारूची याहून मोठी फजिती कोणत्या वाजमध्ये ऐकायला मिळेल? पुस्तक कॅप्टनला हसते, पण त्याला यानाबाहेर सोडून देत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढचे सारे म्हणणे त्यावरच उभे आहे.

पहिल्या भागातला सर्वांत गाजलेला प्रसंग एका शब्दावर बेतलेला आहे. चिडलेला कॅप्टन प्रोफेसरांच्या खटाटोपाची संभावना माकडचेष्टा म्हणून करतो. प्रोफेसर खवळतात, त्याला ओढत सगळ्या केंद्रातून फिरवतात, तयार झालेले यान दाखवतात, आणि त्या भरात पडून स्मृती घालवून बसतात. कॅप्टन नाना उपाय करतो. शेवटी तोच शब्द पुन्हा तोंडून जातो आणि प्रोफेसरांची स्मृती परत येते. इंग्रजी भाषांतरात या जागी बकऱ्यासारखे वागण्याचा वाक्प्रचार आहे. मराठीत आपण माकडाला पुढे करू. मूळ फ्रेंचमध्ये मात्र बकरा नाही आणि माकडही नाही. तिथे शब्द आहे 'झुआव'. झुआव करणे म्हणजे येड्यासारखे वागणे.

झुआव कोण? 1830 साली फ्रान्सने अल्जीयर्स घेतले. त्यानंतर तिथल्या झवावा या बर्बर टोळ्यांतून शिपाई भरती करून एक पलटण उभी केली, तिचे नाव झुआव. पुढे त्या पलटणींत फ्रेंच माणसेच भरली गेली, पण पोशाख अल्जेरियाचाच राहिला. आखूड बंडी, घोळदार विजार, डोक्यावर लाल टोपी. या शिपायांच्या रंगेलपणाची आणि वागण्याची टवाळी करता करता त्यांचे नाव फ्रेंच भाषेत खुळेपणाचे नाव झाले. मूल हसते तेव्हा त्याला यातले काहीच ठाऊक नसते. कॅप्टनच्या शिव्यांच्या पोतडीतला दुसरा लाडका शब्द 'बाशीबुझुक'. ते उस्मानी तुर्कांचे बिनकवायती शिपाई. भाषेत माणसे अशीच उरतात. त्यांची लढाई विसरली जाते, त्यांचा मुलूख विसरला जातो, आणि नाव तेवढे शिवी होऊन राहते.

ही गोष्ट काही फ्रेंचांचीच नाही. मराठीत कुठे अंदाधुंदी दिसली की आपण म्हणतो, ही काय मोगलाई लागून गेली? जबरी व्याजाला पठाणी व्याज म्हणतो. हे शब्द आपली मुलेही शाळेत शिकतात, निबंधात वापरतात आणि गुण मिळवतात. असे शब्द भाषेतून खरवडून काढावेत असे आम्ही म्हणणार नाही. भाषा तशी साफ होत नसते. तो शब्द कोणाचे नाव होता हे मुलाला कोणीतरी सांगावे, एवढीच आमची मागणी आहे. हरवलेली स्मृती शब्दानेच परत येते, हे तर एर्जे यांनीच दाखवले आहे.

आता दुसरा धागा. यान चंद्राकडे निघालेले असताना थॉमसन-थॉम्पसन यांचे केस अचानक रंगीबेरंगी होतात आणि भराभर वाढू लागतात. कॅप्टनला न्हावी होऊन ते पुन्हा पुन्हा कापावे लागतात. पुस्तकातला हा सर्वांत हसवणारा भाग. पण हा रोग नवा नाही, जुना उलटलेला आहे. तो त्यांना जडला आधीच्या 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड' या कथेत, अरबस्तानच्या वाळवंटात, अस्पिरिन समजून भलत्याच गोळ्या गिळल्यामुळे. ती कथा साप्ताहिकात फेब्रुवारी 1950 मध्ये संपली आणि पुढच्याच महिन्यात चंद्राची सुरू झाली. म्हणजे त्या काळचा बालवाचक वाळवंटातून जवळजवळ थेट चंद्रावर गेला. अरब जगाचे काय त्याच्याबरोबर यानात चढले? तो केसांचा रोग, आणि एवढेच.

वाळवंटाच्या त्या कथेत या जोडगोळीला सतत मृगजळ दिसते. ते इतके वैतागतात की पुढे एक माणूस वाळूत नमाज पढत वाकलेला असतो, त्यालाही मृगजळ समजून लाथ घालतात. तो माणूस खरा निघतो. मुस्लिम वाचकाने इथे काय करावे? पुस्तक मिटावे, की हसावे? आमच्या मते आधी विनोद नीट वाचावा. हसे होते ते लाथ घालणाऱ्याचे, त्याच्या अडाणीपणाचे. देशोदेशीचे वेष घालून, त्या देशात आपण मिसळून गेलो असे समजणाऱ्या या दोघांना एर्जे नेहमीच हसतात. सिल्डावियात ते ग्रीक पोशाख करून येतात! तेव्हा या लाथेत नमाजाचा द्वेष शोधणे आम्हांला पटत नाही. पण विनोद संपल्यावर एक गोष्ट उरते. लाथ घालणाऱ्यांना नाव आहे, पुढे चंद्रावर जाण्याची संधी आहे. लाथ खाणारा त्या चौकटीपुरताच आहे. त्याला नाव नाही, घर नाही, पुढच्या पानावर जागा नाही. त्या अर्थाने तो पुस्तकासाठीही मृगजळच राहिला.

एर्जे यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून आणखी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. 1958 च्या 'द रेड सी शार्क्स'मध्ये हजला निघालेल्या आफ्रिकी मुसलमानांना फसवून गुलाम म्हणून विकण्याचा धंदा टिनटिन आणि हॅडॉक उघडा पाडतात. युरोपातल्या मुलांच्या चित्रकथेत हज यात्रेकरूंच्या बाजूने एवढे ठाम उभे राहणे त्या काळी सोपे नव्हते. मात्र त्या यात्रेकरूंच्या तोंडी मोडकी, बाळबोध भाषा घातली होती. त्यावर टीका झाली आणि पुढे एर्जे यांनी ते संवाद बदलले. तसेच 1971 साली 'लँड ऑफ ब्लॅक गोल्ड' नव्याने निघाले तेव्हा कथा पॅलेस्टाइनमधून काढून खेमेद या काल्पनिक अरब राज्यात नेण्यात आली. पाट्यांवरची अरबी आधी नुसती वेलबुट्टी होती, तिथे वाचता येईल अशी अरबी लिहिली गेली. हा कलावंत शिकत होता. वाचकांनी बोट दाखवले म्हणून शिकत होता, हेही विसरू नये. रागावून पुस्तक फेकून देणाऱ्यापेक्षा वाचून बोट दाखवणाऱ्याने जास्त काम केले.

पुस्तकाचा खरा मोठेपणा शेवटाकडे दिसतो. मदतनीस वोल्फ फितूर निघतो. जुगारातल्या कर्जापायी तो शत्रूच्या हाती सापडलेला असतो. तरीही एर्जे त्याला नुसता खलनायक करत नाहीत. प्राणवायू सर्वांना पुरणार नाही हे कळल्यावर इतरांना वाचवण्यासाठी वोल्फ माफीची चिठ्ठी ठेवून अंतराळात निघून जातो. आत्महत्या हे पाप, म्हणून कॅथलिक वातावरणातल्या त्या साप्ताहिकासाठी एर्जे यांना त्या चिठ्ठीत एखाद्या चमत्काराने वाचण्याची आशा घालावी लागली, आणि त्याची त्यांना पुढे खंत वाटत राहिली. हा पेच आपल्या वाचकांना परका नाही. आपल्याही दीनमध्ये स्वतःचा जीव घेणे हराम आहे, आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्याचे मोलही फार मोठे आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडावा आणि त्याने तो घरी विचारावा, याहून चांगल्या बालसाहित्याची अपेक्षा आम्ही करत नाही.

म्हणजे या यानात दारुड्याला जागा आहे, मठ्ठाला आहे, बहिऱ्याला आहे, फितुरालासुद्धा आहे. प्रत्येकाचे हसे होते किंवा प्रत्येकजण चुकतो, आणि प्रत्येकाला माणूस म्हणून उभे राहण्याची एक संधी मिळते. चांगल्या विनोदाची कसोटी आम्ही हीच मानतो. ज्याला हसलात तो तुमच्या यानात आहे की नाही? चिं. वि. जोशींचा चिमणराव आपल्याला हसवतो, पण आपण त्याच्या घरात बसून हसतो. मुल्ला नसरुद्दीन गाढवावर उलटा बसतो, लोक त्याला हसतात, आणि दुसऱ्याच क्षणी तो लोकांना हसतो. तो आपलाच आहे म्हणून त्याची फजिती झोंबत नाही. झुआव, बाशीबुझुक, नमाजी हे मात्र यानाखालीच राहिले. त्यांच्यावरचे हसू दुरून आलेले आहे.

पण आपण चंद्रावर नव्हतो, असे समजून मुलाने हळहळण्याचेही कारण नाही. टिनटिनचे यान उतरते ते हिपार्कस या विवरात. हेही खरे विवर आहे. त्याच्या लगेच दक्षिणेला, अगदी शेजारी, सुमारे 130 किलोमीटर रुंदीचे दुसरे विवर आहे. त्याचे नाव अल्बातेग्नियस, म्हणजेच अल-बत्तानी. हर्रानकडचे हे खगोलवेत्ते दहाव्या शतकाच्या आगेमागे आजच्या सीरियातल्या रक्का येथे सुमारे चाळीस वर्षे आकाशाचे वेध घेत होते. वर्षाची लांबी त्यांनी 365 दिवस, 5 तास, 46 मिनिटे, 24 सेकंद अशी काढली. आजच्या मोजमापाशी ती ताडून पाहिली तर फरक अडीच मिनिटांच्या आत येतो. दुर्बिणीचा शोध लागायला तेव्हा सातशे वर्षे होती! 1543 साली कोपर्निकसने आपल्या ग्रंथात त्यांचा हवाला दिला. 1651 साली रिच्चोली या इटालियन जेझुइट पाद्र्याने चंद्राच्या नकाशावर नावे घातली तेव्हा बत्तानींना हिपार्कस आणि टॉलेमी यांच्या शेजारी जागा दिली. थोडे पुढे गेले की टोलेडोचे अझ-झरकाली भेटतात, साबित भेटतात, खलिफा मामूनही भेटतात. टिनटिन यातल्या कोणाच्याही दारावर थाप मारत नाही. एर्जे यांनी विवर निवडले, शेजार त्यांना दिसला नसावा.

इथे एक धोका आहे. अशी नावे सापडली की आपण लगेच त्यांची गौरवगाथा करतो. ईदच्या खास पुरवणीत, मदरशाच्या जलशात, शाळेच्या भित्तिपत्रकावर तीच दहा नावे, तेच शोध, तोच अभिमान. मूल ती पाठ करते आणि विसरते, कारण त्या गाथेत कोणी घसरून पडत नाही, कोणाचे केस हिरवे होत नाहीत. आपण मुलांना एक तर आदर्श पूर्वज देतो, नाहीतर रडका वर्तमानकाळ. मधले काहीच देत नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या, फुरसुंगीचा फास्टर फेणे उभा केला, आणि मराठी मुलांच्या किती पिढ्या त्याच्या सायकलमागे धावल्या. तसा मिरजेचा, भिवंडीचा किंवा चिपळूणचा एखादा उनाड सलीम, एखादी आगाऊ शबाना आपण का उभी केली नाही? चुकीच्या वेळी चुकीच्या यानात चढणारी, अम्मीने बांधून दिलेला डबा शून्य गुरुत्वात उघडून खिम्याच्या मागे उडणारी? 1985 साली सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान अंतराळात गेले. 2007 साली मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकूर ऐन रमजानमध्ये गेले, आणि अंतराळात नमाज कसा पढावा, रोजा कसा धरावा यावर मलेशियातल्या उलेमांनी रीतसर मार्गदर्शन काढले. सूर्य दिवसातून पंधरा-सोळा वेळा उगवतो तिथे इफ्तार केव्हा करायचा? हा प्रश्न गंभीर आहे आणि मजेचाही आहे. विनोदी लेखकाला याहून आयता विषय कोण देणार?

आमचे सांगणे थोडक्यात असे. टिनटिनची ही दोन पुस्तके मुलांना जरूर द्यावीत. व्हिस्कीला भिऊ नये, झुआवला लपवू नये. मुलाला मनसोक्त हसू द्यावे, आणि मग विचारावे की यानात कोण कोण आहे आणि खाली कोण राहिले. आपल्या लेखकांनी त्या राहिलेल्यांसाठी यान बांधावे. रडण्यासाठी नव्हे, हसण्यासाठी.

आणि एक काम पालकांनी करावे. आपल्या महिन्याची तारीख चंद्रावरच चालते, म्हणून हिशेब सोपा आहे. सातव्या-आठव्या चांदरातीला चंद्र अर्धा असतो, आणि उजेड-अंधाराच्या सीमेपाशीच हिपार्कस आणि अल-बत्तानी ही दोन्ही विवरे असतात. सावल्यांमुळे ती तेव्हा छान उठून दिसतात. त्यासाठी साधी, छोटी दुर्बीण पुरते. एखाद्या शाळेची मागून घ्यावी, मोहल्ल्यातली मुले गच्चीवर जमवावीत, आणि रमजान ईदनंतरच्या आठवड्यात त्यांना दाखवावे की टिनटिन उतरला तो इथे, आणि शेजारी हे कोण राहतात.